धुऱ्यातले उंदीर

अनुसया धानाच्या बांधीत उतरली तेव्हा तिला वाटलं, कुणीतरी विळा चालवून गेलं. धुऱ्याला, म्हणजे दोन बांध्यांमधल्या मातीच्या बांधाला, लागून धानाचा पट्टाच्या पट्टा आडवा झाला होता. धान नुकतंच दाणा धरत होतं. लोंब्या अजून हिरव्या, दाणा चिमटीत दाबला तर दूध निघावं अशा. तिनं वाकून एक काडी उचलली. विळ्यानं कापलेली काडी साफ असते. ही बुडाशी तिरपी कुरतडलेली होती आणि लोंबीचा तर पत्ताच नव्हता. चिखलात बारीक पावलांची वाट उमटली होती, ती थेट धुऱ्याकडं गेलेली.

उंदीर कुठं राहतात हे तिला ठाऊक होतं. अख्ख्या खैरी गावाला ठाऊक होतं. पण त्या धुऱ्याला हात लावायची सोय नव्हती.

खैरी कटंगीच्या बाजारगावाहून कोसभर आत. सगळं गाव धानावर जगणारं. तलावाचं पाणी नालीनं आधी वरच्या बांध्यांमध्ये येतं, त्या भरल्या की खालच्या बांध्यांमध्ये सोडतात. सासऱ्याच्या मागं वाटणी झाली तेव्हा वरची बांधी थोरल्या महागूकडं गेली आणि खालची धाकट्या तेजरामकडं, म्हणजे अनुसयाच्या नवऱ्याकडं. दोहोंच्या मधला धुरा सासऱ्यानं मुद्दाम रुंद ठेवला होता, त्यावर तूर पेरता यावी म्हणून. बैल आडवा उभा राहील एवढा रुंद. वाटणीत तो दोघांचा ठरला, आणि दोघांचा म्हणून कुणाचाच राहिला नाही.

तेजराम तिरोडीच्या मँगनीज खाणीत कामाला होता. आठवडाभर तिकडं, सुटीला घरी. त्यामुळं शेतीचं सगळं अनुसयाच्या अंगावर. रोवण्याला बाया बोलावण्यापासून पाण्याची पाळी धरण्यापर्यंत तीच बघायची, आणि कुणी नावं ठेवावीत असं तिचं काम नव्हतं.

मागल्या साली भादव्यात पाऊस दडी मारून बसला. तलावात होतं तेवढं पाणी पाळीपाळीनं वाटून घ्यायचं ठरलं. महागूनं आपल्या पाळीला बांधी काठोकाठ भरून घेतली, आणि सकाळी येऊन पाहतो तर पाणी अर्ध्यावर आलेलं. खाली तेजरामच्या बांधीत मात्र घोटाभर पाणी. पुढच्या पाळीला तेच. मग तो तडक पंचांकडं गेला आणि चार लोकांत म्हणाला की धाकट्याची बायको रात्री लोखंडी सब्बल घेऊन येते आणि धुऱ्याला भोक पाडून माझं पाणी खाली घेते.

महागू लबाड माणूस नव्हता. त्याच्या बैलांची शिंगं तेलानं चकचकीत असत, त्याच्या खळ्यात काडी इकडची तिकडं नसे. बाप गेला तेव्हा तेजरामच्या डोक्यावरून हात फिरवणारा तोच. पण एखादी गोष्ट त्याच्या मनानं घेतली की घेतली. मग त्याला दुसरं काही दिसत नसे.

पंचायत बसली तेव्हा अनुसया बायकांच्या बाजूला बसली होती. भोजराज पटेल गावचा मुख्य पंच. त्यानं तिला विचारलं, हे खरं का? समोर महागू बसलेला. नवऱ्याचा थोरला भाऊ, म्हणजे भासरे. त्यांच्या घरात भासऱ्यासमोर सून तोंड उघडत नाही. पदर पुढं ओढायचा, काही सांगायचं झालंच तर जावेला सांगायचं, मग जाऊ आपल्या नवऱ्याला सांगणार. लग्न होऊन आल्यापासून अनुसयानं महागूशी एक शब्द बोललेला नव्हता, अन् ते दोघांनाही कधी वावगं वाटलं नव्हतं. तिनं पदराच्या आतून नाही म्हणून मान हलवली. ती कुणाला दिसली नाही. तेजरामला विचारलं तर तो म्हणाला, मी खाणीवर असतो, मला काय ठाऊक. तिला महागूच्या आरोपापेक्षा नवऱ्याचं ते वाक्य जास्त लागलं.

पंचांनी ठरवलं की पटवारी येऊन धुरा मोजेल, तोवर दोघांपैकी कुणीही त्यावर कुदळ मारायची नाही. पटवारी येतो येतो म्हणत आलाच नाही. धुऱ्यावर पुढच्या पावसाळ्यात तूर पेरली गेली नाही. गवत कमरेएवढं वाढलं, बोरीची झुडपं आली, आणि त्या झाडोऱ्याखाली उंदरांचं जुनं गाव वाढत गेलं. इकडं गावात अनुसयाला एक नाव पडलं. विहिरीवर ती घागर घेऊन आली की एखादी बाई दुसरीला कोपरानं ढोसून म्हणायची, 'सब्बलवाली आली.' अनुसया ऐकायची आणि दोर सोडायची.

आता यंदा पाऊस बरा झाला होता आणि धान हाती येण्याच्या बेतात होतं, तर ही नासाडी.

तिनं आधी औषध करून पाहिलं. कटंगीच्या ब्लॉक ऑफिसातून ग्रामसेवकानं काळी भुकटी आणून दिली होती. पिठात, तेलात मळून गोळ्या करायच्या आणि बिळाच्या तोंडाशी ठेवायच्या. पहिल्या दिवशी गोळ्या गेल्या, काही उंदीर मेलेले सापडले. मग बाकीच्यांना अक्कल आली. गोळ्या जिथल्या तिथं वाळून गेल्या आणि शेजारचं धान मात्र रोज आडवं पडत राहिलं. ग्रामसेवक म्हणाला, थोडे दिवस जाऊ द्या, मग पुन्हा ठेवा. थोडे दिवस जाऊ दिले असते तर कापायला काही उरलं नसतं.

मग धूर. गावात पुनाराम नावाचा एक गोंड माणूस होता. स्वतःची थोडी जमीन होती, बाकी वेळ तो दुसऱ्यांच्या कामाला जाई. त्याच्याकडं धूर द्यायचं मडकं होतं, बुडाला भोक पाडलेलं. त्यात तणस आणि गोवरीचा चुरा पेटवायचा, वर मूठभर वाळली मिरची टाकायची, मडक्याचं तोंड बिळावर दाबून धरायचं आणि बुडाच्या भोकातून फुंकायचं. धूर आत शिरतो, उंदीर दुसऱ्या तोंडानं बाहेर पडतो, आणि तिथं काठी घेऊन उभं राहायचं.

अनुसयानं त्याला बोलावलं. तो फुंकत राहिला आणि ती काठी घेऊन उभी राहिली. थोड्या वेळानं धुऱ्याच्या पलीकडून, महागूच्या बांधीतून, धुराच्या रेषा निघायला लागल्या. एक इथं, एक तिथं, ओळीनं. मग गवतात खसखस झाली आणि उंदरांची रांगच्या रांग पलीकडं उतरून महागूच्या धानात घुसली. अनुसयाच्या बाजूनं एक निघाला नाही.

पुनाराम खोकत उठला. म्हणाला, "बाई, इनके दरवाजे उधर हैं. इकून धुवा देऊन काही फायदा नाही."

महागूची बायको विमलाबाई तेव्हा वरच्या बांधीत निंदत होती. तिच्या पायांवरून उंदीर गेले. ती ओरडली तशी महागू आला, आणि त्यानं धूर पाहिला, मडकं पाहिलं, पदर ओढून उभी असलेली भावजय पाहिली. तो तिला काही बोलला नाही, बोलायची रीतच नव्हती. तो सोबत आणलेल्या बैलाला उद्देशून मोठ्यानं म्हणाला, "आता उंदीर पाठवून राह्यले. आधी पाणी नेलं, आता उंदीर."

दुसऱ्या दिवशी महागूनं आपल्या बाजूनं धूर दिला. सगळी जमात खाली अनुसयाच्या बांधीत आली. चार दिवसांनी तिनं पुन्हा दिला. मग त्यानं. प्रत्येक वेळी उंदीर धान तुडवत इकडून तिकडं जात, धूर विरला की परत आपल्या घरी येत, आणि वाटेत दोन लोंब्या घेऊन येत. गावातल्या लोकांना करमणूक झाली. तलावाच्या काठावर बसून लोक पाहायचे आणि आज कुणाची बारी म्हणून एकमेकांना विचारायचे. धुऱ्याच्या दोन्ही बाजूंना धानाची टक्कलं पडत चालली.

तेजराम सुटीला घरी आला तेव्हा अनुसयानं त्याला नेऊन दाखवलं. त्यानं पाहिलं, चुकचुकला, आणि म्हणाला की भावाशी आता नवं भांडण नको, जे राहील ते राहील. अनुसया त्याच्यावर चिडली नाही. त्याचा स्वभावच तसा होता, भांडण दिसलं की वाट बदलायची. ती एवढंच म्हणाली की पुढच्या सुटीला कुठं जाऊ नका, घरी राहा.

कटंगीच्या बाजारात तिनं विमलाबाईला गाठलं. दोघी जावांचं खरं तर कधी भांडण नव्हतंच. वाटणीआधी एका चुलीवर रांधलेलं, एकमेकींची बाळंतपणं केलेली. भांडण नवऱ्यांचं, म्हणून गावात अबोला पाळायचा. पण बाजारात, मिरचीच्या ढिगामागं, कोण बघतंय? विमलाबाईनंच आधी विषय काढला. तिच्या बांधीची अवस्था काही वेगळी नव्हती.

"दोन्हीकून एकाच दिवशी केलं तरच होईल हे," अनुसया म्हणाली. "इकून धूर, तिकून काठ्या."

"हौ, पण त्याइले सांगन कोन? तुह्यासंगं काम करा म्हटलं तं मंग धानच पेटवून देतीन ते."

दोघी मिरची निवडत विचार करत राहिल्या. मग विमलाबाईच्याच डोक्यात आलं. संगं करा म्हणून सांगायचंच कशाला? अनुसया कुठल्या दिवशी धूर देणार तेवढं विमलाबाईनं महागूला सांगायचं. उंदीर आपल्यावर येणार म्हटल्यावर तो काठ्या घेऊन उभा राहणारच. स्वतःचं धान राखायला उभं राहायला कुणाची परवानगी लागत नाही, आणि कुणाचा मान जात नाही.

तसंच झालं. तेजरामच्या सुटीच्या दिवशी सकाळी ऊन जरा वर आलं, दव वाळलं, आणि अनुसया, तेजराम आणि पुनाराम धुऱ्याच्या खालच्या अंगाला आले. पाहतात तर वरच्या अंगाला महागू आधीच उभा. धोतर खोचलेलं, हातात कुऱ्हाडीचा दांडा. विमलाबाईच्या हातात खराटा, आणि शेजारचे दोन गडीही त्यानं काठ्या-कुदळी देऊन उभे केले होते. दोघा भावांनी एकमेकांकडं पाहिलं न पाहिल्यासारखं केलं.

पुनारामनं या वेळी दोन मडकी आणली होती. एक त्यानं घेतलं, एक तेजरामनं. फुंकता फुंकता तेजरामच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, पण त्यानं मडकं सोडलं नाही. धूर आत गेला, बराच वेळ काहीच नाही. मग वरच्या अंगाला एकदम धांदल उडाली. काठ्यांचे आवाज, विमलाबाईची हाक, महागूचं 'तिकून, तिकून!' हाकललेले काही उंदीर परत फिरून धुऱ्यावरून खाली आले, आणि इकडं अनुसया उभी होती. ती काठी उगारायची आणि मारायची. लहानपणापासून खळ्यावर उंदीर मारत आलेली. तिला त्याचं काही वाटत नव्हतं. चिखलात पाय रुतत होते, पदर डोक्यावरून घसरत होता, एका हातानं पदर आणि एका हातानं काठी असं चाललं होतं. मग तिनं पदर कमरेला खोचून टाकला.

धूर संपला तेव्हा दोन्ही बाजूंना मेलेल्या उंदरांचे ढीग झाले होते. मोठाले, मातकट, धान खाऊन तुकतुकीत झालेले. पुनाराम धुऱ्याला कान लावून बसला आणि म्हणाला की आत अजून आहेत. पिल्लं आहेत, माद्या आहेत. धूर खोलवर पोचला नाही. आता खोदल्याशिवाय इलाज नाही, नाहीतर महिनाभरात पुन्हा एवढेच होतील.

पण खोदायला पंचांनी मना केलेलं होतं. तेजरामनं भावाकडं पाहिलं. महागूनं धुऱ्याकडं पाहिलं, मग एका गड्याच्या हातातली कुदळ घेऊन त्यानंच पहिला घाव घातला. कुणाला काही विचारलं नाही. त्यानं घातला म्हटल्यावर तेजरामनंही खालून सुरुवात केली.

वरून दिसत होतं त्यापेक्षा आतली गोष्ट मोठी होती. कुदळ पडली की माती आत धसायची, आतून पोकळ. बिळं एकमेकांना फुटलेली, वर, खाली, आडवी. धुरा असा नव्हताच. नुसतं वरचं कवच उभं होतं. मधोमध एक कोठार लागलं. लोंब्या नीट एकावर एक रचलेल्या, बुडं एकीकडं, शेंडे एकीकडं. विमलाबाई वाकून पाहतच राहिली. महागू गुडघ्यावर बसला, बाही वर सारली आणि खांद्यापर्यंत हात आत घालून लोंब्या बाहेर ओढू लागला.

तेजराम आणि पुनाराम त्या वेळी खालच्या अंगाला थोडं दूर, दुसऱ्या बिळाशी होते. अनुसया मात्र महागूच्या बरोबर समोर, धुऱ्याच्या या बाजूला उभी होती. तिच्या पायाशी एक मोठं तोंड होतं. तिला तिथं काहीतरी हललेलं दिसलं. पिवळट, मनगटाएवढं जाड शरीर सरसर आत जात होतं. डोकं केव्हाच आत गेलेलं. शेपटी तेवढी बाहेर, आणि तीही बघता बघता आत गेली. ज्या बिळात साप गेला त्याच बिळात पलीकडून महागूचा हात होता.

तिनं विमलाबाईकडं पाहिलं. विमलाबाई पाठमोरी टोपलीत लोंब्या भरत होती. तिला सांगून तिनं नवऱ्याला सांगायचं म्हटलं तर तेवढा वेळ नव्हता.

"दादाजी, हात काढा! साप हाय!"

महागूनं हात काढला. सापाच्या नावानं काढला की तिच्या आवाजानं, हे त्यालाही सांगता आलं नसतं. तो मागं बसकण मारून पडला. त्याच्यामागोमाग बिळातून साप बाहेर आला, लांबच लांब, संपता संपेना, आणि माणसांकडं न बघता गवतातून नालीकडं निघून गेला. पुनाराम धावत आला होता. त्यानं पाहिलं आणि काठी खाली केली. धामण होती. तीसुद्धा उंदरांसाठीच आली होती.

कुणी हसलं नाही. तेजराम बायकोकडं बघत होता, विमलाबाई दोघांकडं बघत होती. अनुसयाच्या लक्षात आलं की तिच्या डोक्यावर पदर नाही. तिनं कमरेचा पदर सोडला, डोक्यावरून घेतला. पण तोंडावर ओढला नाही.

"धामणच तं व्हती," महागू मातीत बसल्या बसल्या म्हणाला. कुणाला म्हणाला ते कळलं नाही.

अनुसयानं एकदा तोंड उघडलं होतं, आता ते मिटून काय उपयोग? ती जागची न हलता म्हणाली, "आता बोललीच हाओ तं एक गोष्ट सांगते दादाजी. मी तुमचं पानी फोडलं नाई. पुनारामभाऊ, नालीतून घागरभर पानी आना अन् त्या वरच्या बिळात ओता."

पुनारामनं महागूकडं पाहिलं. महागूनं अडवलं नाही, म्हणून तो गेला. घागर भरून आणली आणि महागूच्या बांधीच्या काठाशी, धुऱ्याच्या न खोदलेल्या भागात जे एक जुनं बीळ होतं, त्यात ओतली. पाणी गुडगुडत आत गेलं. थोडा वेळ गेला. मग अनुसयाच्या पायाशी एका भोकातून गढूळ धार सुरू झाली आणि धानाच्या बुडाशी पसरत गेली.

महागू उठला. पुनारामच्या हातातली घागर त्यानं घेतली, स्वतः नालीवर गेला, भरून आणली आणि दुसऱ्या बिळात ओतली. धुऱ्याला वळसा घालून खालच्या बाजूला आला आणि वाकून पाहत राहिला. धार लागली. परत गेला, परत घागर आणली, आणखी दूरच्या एका बिळात ओतली. तिथूनही पाणी खाली आलं. तिथं जमलेली माणसं नुसती उभी होती. तो एकटाच घागरी वाहत होता, धोतर चिखलानं माखलेलं, धाप लागलेली. प्रत्येक घागरीगणिक त्याचा चेहरा उतरत चालला होता, आणि ते बघून अनुसयाला वाटलं होतं तेवढा आनंद झाला नाही. वर्षभर तिनं मनात हे दाखवून देण्याचे किती बेत केले होते. आता हा पन्नाशीचा माणूस घागर घेऊन फिरताना बघून तिला वाटलं, पुरे.

शेवटी त्यानं घागर खाली ठेवली. "दिसलं," एवढंच म्हणाला आणि कुदळ उचलली.

दुपारपर्यंत सगळा धुरा उकरून झाला. कोठारातल्या लोंब्या टोपल्याच्या टोपल्या निघाल्या. त्या कुणाच्या बांधीतल्या हे देवालाही सांगता आलं नसतं. विमलाबाई दोन ढीग करायला लागली तसा महागू म्हणाला की वाटण्या पुरे झाल्या, पुनारामच्या घरी जाऊ दे. तेजरामनं मान हलवली. पुनारामनं लोंब्या घेतल्या. उंदरांतले चांगले निवडून घेण्याआधी मात्र त्यानं अनुसयाला विचारून घेतलं की ती काळी दवाई शेवटची कधी ठेवली होती. तिनं सांगितल्यावर त्यानं बोटांवर हिशेब केला, नको म्हणाला, आणि सगळे उंदीर खड्ड्यात पुरले. त्याच्या घरच्यांना वाईट वाटलं असेल; धान खाऊन पोसलेल्या उंदराचं कालवण त्यांच्याकडं आवडीनं खात.

धुरा तसाच टाकून चालणार नव्हतं, बांध्यांत अजून एक पाणी द्यायचं होतं. दोघा भावांनी संध्याकाळपर्यंत माती ओढली, पायांनी तुडवली, थापली. जुन्यापेक्षा निम्म्या रुंदीचा धुरा उभा केला. दोरी महागूनं धरली. तेजराम दुसऱ्या टोकाला उभा होता. दोरी किंचित त्याच्याकडं सरकलेली अनुसयाला दिसली, की महागूकडं, हे तिला नीट कळलं नाही. तिनं ते मनावर घेतलं नाही.

घरी जाताना तेजराम डोळे पुसत चालला होता. मग म्हणाला, "मी त्या दिवशी पंचायतीत बोलाले पायजे व्हतं."

"हौ," अनुसया म्हणाली. "पायजे व्हतं."

 पण घरी गेल्यावर धुरानं लाल झालेल्या त्याच्या डोळ्यांवर तिनं ओल्या फडक्याच्या घड्या ठेवल्या आणि पोरींना गडबड करू नका म्हणून बजावलं.

एक गोष्ट राहिली होती. आरोप चार लोकांत झाला होता आणि शेतातलं 'दिसलं' तिथल्या मोजक्या लोकांनीच ऐकलं होतं. विहिरीवर अजून तेच नाव चालू होतं. महागू चार लोकांत बोलेल म्हणून अनुसया रोज वाट बघायची. तिनं विमलाबाईकरवी निरोप पाठवला नाही. स्वतः जाऊन बोलायची आता सोय झाली होती, पण तिनं तेही केलं नाही. हे त्यांचं त्यांना सुचलं पाहिजे असं तिला वाटत होतं.

दिवाळीनंतर कापणी झाली. उंदरांनी खाल्लं ते गेलंच होतं. धुऱ्याकडचा भाग पिकलाच नाही, बाकीचं बऱ्यापैकी झालं. खळी उरकल्यावर भोजराज पटेलानं तलावाच्या गाळाचं ठरवायला लोकांना बोलावलं. गाळाचं बोलणं झालं, कुणी किती माणसं द्यायची ते ठरलं, लोक उठायच्या बेतात होते. तेव्हा महागू उभा राहिला. त्याला भाषण करता येत नसे. डोक्यावरचा पंचा काढून त्यानं हातात घेतला.

"मागच्या साली मी इथं भावसुनेवर आळ घेतलता," तो म्हणाला. "माही बांधी उंदरानं फोडली व्हती. मी डोळ्यानं पाह्यलं. तिचा काही दोष नाई."

मागून कुणीतरी म्हणालं, म्हणजे वर्षभर उंदरावर पंचायत बसली होती म्हणा की. थोडे लोक हसले. महागू हसला नाही, रागावलाही नाही, तो तसाच उभा राहिला. भोजराज पटेलानं हात वर करून लोकांना गप्प केलं आणि बायकांच्या बाजूला बघून विचारलं, अनुसयाबाई, तुम्हाला यावर काही म्हणायचं आहे का?

अनुसया उभी राहिली. डोक्यावर पदर होता, तोंड उघडं होतं. शेजारच्या बाया तिच्याकडं बघत होत्या. तिला पुष्कळ म्हणता आलं असतं.

"झालं ते झालं," ती म्हणाली. "पन पुढच्या सालापासून आमची पान्याची पाळी दिवसाची द्या. मालक खानीवर असतेत. मी रात्री बाहेर गेली का लोकाइले शंका येते."

या वेळी सगळे हसले, बायासुद्धा. पटेलानं दिवसाची पाळी कुणाची आहे ते विचारलं. ती महागूचीच होती. महागू पंचा पुन्हा डोक्याला गुंडाळत म्हणाला की बदलून घ्या, मले रात्रीची चालते. पटेलानं तसं जाहीर केलं आणि सभा उठली. बाहेर अंधार पडायला लागला होता. विमलाबाई आणि अनुसया दोघी मिळून, कुणापासून न लपवता, घराकडं निघाल्या, आणि वाटेत विमलाबाई तिला सांगत होती की पुढच्या साली धुऱ्यावर तूर नको, रुंदी पुरायची नाही, त्यापेक्षा आपल्या परड्यातच दोन वाफे लावू.